घोरपडीचे खरे नातेवाईक

घोरपडींच्या वर्गीकरणाकडे मी वळलो तो कोमोडो ड्रॅगनच्या आकाराच्या ओढीने, पण गुंतून राहिलो तो बोर्निओ बेटावरच्या एका मातकट, संथ, जेमतेम चाळीस-पंचेचाळीस सेंटीमीटर लांबीच्या सरड्यापाशी. त्याचे नाव लँथानोटस. त्याला कानाची बाह्य छिद्रे नाहीत, डोळे बारीक आहेत, दिवसाचा बहुतेक वेळ तो ओढ्याकाठच्या मातीत दडून काढतो, आणि त्याच्याकडे पाहून घोरपडीची आठवण येण्याचे काहीच कारण नाही. तरीही आज जिवंत असलेल्या सर्व प्राण्यांमध्ये घोरपडीचा सर्वांत जवळचा नातेवाईक तोच आहे.

आधी घोरपडींविषयी थोडे. जिवंत असलेल्या सगळ्या घोरपडी व्हॅरॅनस या एकाच प्रजातीत मोडतात. ब्लासियस मेरेम या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने १८२० मध्ये हे नाव रूढ केले आणि त्याचे मूळ घोरपडीसाठी असलेल्या अरबी शब्दात आहे. या प्रजातीत आता ऐंशीहून अधिक जाती गणल्या जातात. ऑस्ट्रेलियातली आखूड शेपटीची घोरपड पंचवीस सेंटीमीटरच्या आतबाहेर असते, तर कोमोडो ड्रॅगन तीन मीटरपर्यंत वाढतो. रिचर्ड ओवेन यांनी १८५९ मध्ये मेगालानिया या नावाने वर्णिलेली ऑस्ट्रेलियातली नामशेष घोरपड त्याहूनही मोठी होती, आणि आता तिलाही व्हॅरॅनसमध्येच घेतले जाते. एवढी तफावत असूनही लांब मान, दुभंगलेली जीभ आणि भक्कम नख्या हा साचा मात्र फारसा बदलत नाही. म्हणूनच जातींचे गट पाडताना आकार कामाला येत नाही. रॉबर्ट मेर्टेन्स यांनी १९४२ मध्ये कवटी आणि खवल्यांच्या आधारे मांडलेल्या उपप्रजातींची, म्हणजे जातींच्या गटांची, पुढे नरांच्या जननेंद्रियांची रचना, गुणसूत्रे आणि शेवटी डीएनए यांच्या कसोटीवर पुन्हा पारख झाली.

मला मोलाचा वाटतो तो कुलाबाहेरच्या नात्यांचा प्रश्न. १८७८ मध्ये फ्रान्झ स्टाइनडाखनर यांनी लँथानोटसचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा त्याला कुठे बसवावे हे स्पष्ट नव्हते आणि पुढे काहींनी त्याला अमेरिकेतल्या विषारी हेलोडर्माच्या, म्हणजे गिला मॉन्स्टरच्या, शेजारी बसवले. १९५४ मध्ये सॅम्युएल मॅक्डॉवेल आणि चार्ल्स बोगर्ट यांनी त्याच्या शरीररचनेचा सविस्तर अभ्यास केला आणि त्याचे घोरपडींशी असलेले नाते ठळक केले. पुढची कित्येक वर्षे घोरपड, लँथानोटस आणि हेलोडर्मा असे त्रिकूट पाठ्यपुस्तकांत एकत्र नांदत होते.

डीएनएचा पुरावा आला आणि हे त्रिकूट फुटले. लँथानोटस घोरपडीजवळच राहिला, हेलोडर्मा मात्र पाय नसलेल्या काचसरड्यांच्या आणि मेक्सिको-ग्वाटेमालातल्या झेनोसॉरसच्या बाजूला सरकला. त्याची रिकामी जागा भरली शिनिसॉरसने. चीनच्या ग्वांग्शी प्रांतात आणि व्हिएतनामात ओढ्याकाठी राहणाऱ्या, शेपटीवर मगरीसारखे उंचवटे असलेल्या आणि पिल्लांना जन्म देणाऱ्या या सरड्याचे १९३० मध्ये वर्णन झाले होते आणि त्याला बराच काळ झेनोसॉरसचा आप्त समजले जात होते. दिसण्यातले साम्य आणि रक्ताचे नाते यांतले अंतर इतक्या स्पष्टपणे दाखवणारे उदाहरण सरड्यांमध्ये मला दुसरे सापडलेले नाही. हेलोडर्मा आणि घोरपड यांच्यातली साम्ये हाडांच्या अभ्यासकांनी काल्पनिकपणे रचलेली नव्हती, ती खरीच होती. फक्त ती दोन्हीकडे वेगवेगळी उपजली, किंवा दूरच्या पूर्वजाकडून आली आणि मधल्या गटांत लोपली, असे आता मानावे लागते.

जीवाश्मांचा धागा मंगोलियातल्या उत्तर-क्रिटेशस, म्हणजे डायनासोरांच्या अखेरच्या, काळातल्या सरड्यांपर्यंत मागे जातो. डायनासोर संपल्यानंतरच्या इओसीन काळात उत्तर अमेरिकेत सॅनिवा नावाचा घोरपडीचा निकटचा आप्त होता. त्याच्या कवटीच्या माथ्यावर दोन जादा डोळ्यांच्या खुणा आहेत, असे २०१८ मध्ये दाखवण्यात आले. बहुतेक सरड्यांमध्ये असा प्रकाश जाणवणारा एकच माथ्याचा डोळा असतो आणि जबडे असलेल्या पृष्ठवंशीय प्राण्यांमध्ये दोन्ही एकत्र असल्याचा पुरावा तोवर नव्हता, तो फक्त जबडे नसलेल्या लँप्री माशांत होता, म्हणून हा शोध मला विलक्षण वाटतो. आजच्या घोरपडींचा उगम मात्र युरेशियात झाला आणि तिथून त्या ऑस्ट्रेलियात पोहोचून बहरल्या, असा कल अलीकडच्या जनुकीय अभ्यासांचा आहे. कोमोडो ड्रॅगनचे तीन लाख ते चाळीस लाख वर्षांपूर्वीच्या दरम्यानचे जीवाश्म क्वीन्सलँडमध्ये मिळाले आहेत, आणि त्याच्या जनुकांत ऑस्ट्रेलियातल्या वाळूघोरपडींच्या पूर्वजांशी झालेल्या संकराच्या खुणाही आढळल्या आहेत.

डायनासोरांच्या काळातल्या, आता नामशेष असलेल्या अजस्र समुद्री सरड्यांचे, म्हणजे मोसासॉरचे काय, हा प्रश्न याहून जुना आहे. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टजवळच्या खाणींत अठराव्या शतकात सापडलेले अजस्र जबडे मगरीचे की देवमाशाचे, असा वाद होता. अड्रिआन काम्पर यांनी १७९९ मध्ये ते घोरपडीसारख्या सरड्याचे असल्याचे सांगितले आणि पुढे फ्रेंच शरीररचनाशास्त्रज्ञ क्युव्हिए यांनी त्याला दुजोरा दिला. १८६९ मध्ये एडवर्ड कोप यांनी मोसासॉर आणि साप यांचे नाते सुचवले. त्यात खालच्या जबड्याच्या मध्यावरच्या सांध्याला महत्त्व होते, पण तसाच सांधा घोरपडींतही दिसतो. डीएनएने साप, घोरपडीचा मोठा गट आणि इग्वानांचा गट एकत्र आणून टॉक्सिकोफेरा या नावाखाली बांधले आहेत, मात्र मोसासॉरच्या हाडांत डीएनए उरलेले नाही. त्यामुळे ते घोरपडीचे जवळचे आप्त की सापांचे, याचा निवाडा आजही कवटीच्या, जबड्याच्या आणि दातांच्या हाडांवरूनच करावा लागतो, म्हणजे हेलोडर्माच्या बाबतीत ज्याने फसवले त्याच प्रकारच्या पुराव्यावरून.