आठव्या ठोक्याचा खाऊ

घरून निघताना चकल्या, खाकरे आणि चिवडा यांनी अर्धी बॅग भरणाऱ्या आपल्या लोकांची मी पूर्वी थट्टा करीत असे. सात आणि चार वर्षांच्या दोन मुलांना घेऊन दहा दिवस जपानमध्ये फिरल्यावर ती थट्टा मी मागे घेतली आहे, कारण चौथ्या दिवशी क्योतोमध्ये आमचा चिवडा संपला.

खाऊची तिथे वाण नाही. चोवीस तास उघडे असणारे ‘कोम्बिनी’ नावाचे दुकान शहरात पावलोपावली भेटते आणि त्यातले एक अख्खे कपाट पोरांच्या उंचीला खाऊने लगडलेले असते. अडचण माझी होती. तीन भाषा सहज वाचणारी मी त्या कपाटापुढे ठार निरक्षर झाले. आमच्याकडे मासे-मांस चालत नाही, आणि अंडे पोटात गेले की धाकट्याच्या अंगावर गांधी उठते. अंडे, दूध, गहू, शेंगदाणे, कोळंबी अशा ठरावीक पदार्थांची अ‍ॅलर्जीसाठीची नोंद पाकिटावर करणे तिथे कायद्याने बंधनकारक आहे, म्हणून ‘तामागो’ म्हणजे अंडे, हे अक्षर मी एका चिठ्ठीवर चित्र काढावे तसे काढून घेतले होते आणि प्रत्येक पाकिटाच्या पाठीवर ते शोधत बसत होते. मागे रांग नसेल तर हे जमते.

तरीही फसगत झालीच. एका पाकिटावर ठळक बदाम होते, अ‍ॅलर्जीच्या चौकटीत बदाम आणि तीळ एवढेच होते, अंडे नव्हते. मी निश्चिंत मनाने ते मोठीच्या हातात दिले. दोन बदाम खाऊन झाल्यावर तिने काडीसारखे काहीतरी चिमटीत धरून उजेडात नेले आणि शांतपणे म्हणाली, “आई, याला डोळे आहेत.” ती बोटाच्या पेराएवढी, साखर-तिळात घोळवलेली सुकी मासळी होती. कोळंबी आणि खेकडा त्या सक्तीच्या यादीत आहेत; पण ही मासळी यादीतच नाही, त्यामुळे चौकटीने मला काही फसवले नव्हते. तिथल्या शाळांच्या जेवणातही हा प्रकार असतो म्हणे. कॅल्शियमसाठी!

धाकट्याला मात्र वाचता येत नसल्याने काहीच अडत नव्हते. ओनिगिरी, म्हणजे भाताचा तिकोनी मुटका, तिथे अशा वेष्टनात मिळतो की भात आणि नोरी, म्हणजे समुद्री शेवाळाचा पापडासारखा पातळ कागद, यांच्यामध्ये प्लास्टिकचा एक पदर राहतो आणि नोरी खाईपर्यंत कुरकुरीत राहते. मी तो मधूनच फाडला आणि नोरीचे तुकडे मांडीवर सांडले. त्याने वेष्टनावरचे 1, 2, 3 हे आकडे पाहिले, त्याच क्रमाने ओढले आणि अख्खा मुटका माझ्यापुढे धरला.

खाऊला जपानी शब्द ‘ओयात्सु’. जुन्या कालगणनेत दुपारी दोनच्या सुमाराला घंटेचे आठ ठोके पडत आणि दोन जेवणांमधली भूक तेव्हा भागवली जाई. त्या आठावरून हे नाव आले. आपल्या ‘मधल्या वेळच्या खाण्या’चे हे सख्खे भावंडच. लहान मुलांच्या स्वस्त खाऊला ‘दागाशी’ म्हणतात. त्यातली ‘उमाइबो’ ही मक्याची पोकळ कांडी म्हणजे आपण बोटांत घालून खात असू त्या पिवळ्या नळ्यांची थोराड बहीण. 1979 मध्ये ती बाजारात आली आणि 2022 पर्यंत दहा येनलाच मिळत राहिली, ही गोष्ट मला तिथल्या बुलेट ट्रेनपेक्षा अधिक अचंब्याची वाटली.

चिवडा संपल्यावर मी नियम केला: रोज प्रत्येकी तीनशे येन, त्यात हवे ते घ्या, पण पाकीट आधी आईला दाखवा. दुसऱ्याच दिवशी मोठीने हिशेब करून दोनशे नव्वद येनचा खाऊ टोपलीत टाकला आणि पाठीमागे लपवलेला हात पुढे केला. “हे केळं आहे. हे खाऊत धरायचं नाही ना?”

शाळेच्या सहलीला तीनशे येनपर्यंतच खाऊ आणावा असा नियम जपानमध्ये पूर्वापार सांगतात, आणि ‘केळे ओयात्सुमध्ये धरायचे का?’ हा त्यावरचा सगळ्या देशाला पाठ असलेला विनोद आहे, हे मला पुढे महिनाभराने कळले. तिला तर ते अजूनही माहीत नाही. त्या दिवशी मी केळे धरले नाही.