वेंगुर्ल्याहून परत

रविवार, मे महिन्याची अखेर. रात्रीचे अकरा वाजून गेलेत.

सामान अजून दारातच पडलंय. फक्त आंब्याची पेटी उघडून आंबे जमिनीवर पसरून ठेवले, दिवसभर गाडीत तापलेत बिचारे. हे झोपले. मला झोप येत नाही, म्हणून लिहायला बसले.

जाताना आम्ही सागरी मार्गाने रमतगमत गेलो. आगरदांड्याहून दिघी, पुढे बाणकोटची खाडी, मग दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. प्रत्येक खाडीला गाडी जंगलजेटीवर, म्हणजे गाड्या पलीकडे नेणाऱ्या बोटीवर, चढवायची आणि पलीकडचा धक्का येईपर्यंत कठड्याला टेकून उभं राहायचं. या खाड्यांवर पूल झाले की वेळ वाचेल, गावातल्या लोकांची मोठी सोय होईल, ते व्हायलाच हवेत. तरी ती दहा-पंधरा मिनिटं मला फार आवडली.

परतीचा प्रवास मात्र एका दिवसाचा. वेंगुर्ल्याहून सकाळी सहाला निघालो. सावंतवाडी, आंबोली, आजरा, उत्तूर, निपाणी आणि मग महामार्ग. पुण्यापर्यंत चारशे किलोमीटरच्या आसपास. आंबोलीच्या घाटात एका आजींकडून पानाच्या द्रोणातली करवंदं घेतली. घाटमाथ्यावर काचा खाली केल्या आणि खालचा चिकट उकाडा एका वळणात मागे राहिला. आजऱ्यात घनसाळ तांदूळ घेतला. तो शिजायला लागला की शेजारी विचारत येतात.

निपाणीनंतर गाडी मी घेतली. घाट ह्यांचा आणि सरळ रस्ता माझा, अशी आमची जुनी वाटणी आहे. कागलपासून पुढे सहापदरीकरणाचं काम चालू आहे. सारखं वळवलेल्या रस्त्यावर उतरायचं, परत वर यायचं. त्यात सुट्ट्या संपत आलेल्या, म्हणजे सगळा महाराष्ट्र पुण्या-मुंबईकडे निघालेला. आम्हीही इतकी वर्षं असेच निघायचो. सोमवारी शाळा, ऑफिस, दूधवाल्याला दिलेला निरोप. मुलं मागच्या सीटवर झोपलेली आणि आम्ही दोघं एकमेकांना फक्त किती वाजले ते विचारायचो. कराड, मग उंब्रज, मग सातारा. पाट्या यायच्या आणि मागे जायच्या. लिंबची बारा मोटेची विहीर, संगम माहुली, शिरवळचा सुभानमंगळ किल्ला, या सगळ्यांना मी पाटीपुरतीच ओळखते.

आज घरी वाट बघणारं कोणी नव्हतं. मुलगी बंगळुरूला, मुलगा त्याच्या संसारात, ह्यांना निवृत्त होऊनही आता काळ झाला. कराडचा फाटा आला तेव्हा हे म्हणाले, "अगं, घे ना आत. प्रीतिसंगम बघू." मी घेतली.

ऊन कलायला लागलं होतं. यशवंतराव चव्हाणांच्या समाधीला नमस्कार करून घाटावर जाऊन बसलो. कृष्णा आणि कोयना दोघी महाबळेश्वरच्या. तिथून वेगवेगळ्या वाटांनी निघतात आणि इथे समोरासमोर येऊन भेटतात. भूगोलात शिकलेलं, पण प्रत्यक्ष बघताना कळेना की कुठलं पाणी कुणाचं. मी ह्यांना विचारलं. त्यांनी हात करून दाखवलं, "ती कोयना." आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

सासरे कोयनेच्या धरणावर ओव्हरसिअर होते, एवढं मला लग्नापासून माहीत आहे. ह्यांचं लहानपण कोयनानगरच्या क्वार्टरमध्ये गेलं, हेही माहीत आहे. पण ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाबद्दल ह्यांनी घरात कधी शब्द काढला नव्हता. आज काढला. तेव्हा हे चार वर्षांचे. पहाटेची वेळ, कडाक्याची थंडी. सासऱ्यांनी ह्यांना आणि नणंदेला दोन काखांत उचलून बाहेर मोकळ्यावर नेलं आणि आपला ऑफिसचा कोट दोघांवर टाकला. आई आतच आहे असं ह्यांना वाटत राहिलं. ती शेजारणीला बाहेर काढत होती. उजाडल्यावर ती धुळीने पांढरी झालेली समोर आली, तेव्हा ह्यांनी तिला ओळखलं नाही आणि भोकाड पसरलं. सासूबाई त्याबद्दल पुढे कित्येक वर्षं म्हणायच्या, "माझ्या पोरानं मला भूत समजलं." हे वाक्य मीही ऐकलंय त्यांच्या तोंडून. एखादं स्वप्न पडलं असेल पोराला, असं समजून मी हसले होते.

मी ह्यांचा हात धरून बसले. आधी का नाही सांगितलंत, असं विचारावंसं वाटलं नाही. कोयनेच्या पाण्याजवळ आम्ही दोघं याआधी कधी बसलोच नव्हतो. घरात जेवणाच्या टेबलावर असलं काही निघत नाही. तिथे बिलं असतात, औषधं असतात, फोन असतात.

अंधार पडेपर्यंत बसलो. पुढचा रस्ता आम्ही गप्पांत काढला, आणि त्या सगळ्या कोयनानगरच्याच. वसाहतीतली शाळा, पावसात आठ-आठ दिवस न वाळणारे कपडे, शेगडीवर सुकवलेले मोजे, सासऱ्यांची जीपमधून होणारी साइटवरची फेरी. साताऱ्याच्या पुढे चहाला थांबलो, तिथेही तेच. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा घाट चढावा लागतो, येताना मात्र बोगदा. त्यातून बाहेर पडल्यावरच्या वळणावर मी गाडी अगदी हळू केली, तेवढ्यापुरते हे गप्प बसले आणि वळण सरल्यावर लगेच पुढे सुरू. खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर रांग लांबलचक होती. आज पहिल्यांदाच मला त्या रांगेचा राग आला नाही.

दिवाळीनंतर परत कोकणात जायचं ठरलंय. या वेळी कराडला वळून पाटणमार्गे. कोयनानगरला मुक्काम करायचा, ह्यांची क्वार्टर उभी आहे का ते बघायचं आणि मग कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरायचं. नणंदेला उद्या फोन करते. ती तेव्हा सात वर्षांची होती, तिला जास्त आठवत असेल. येते का विचारते.