जुनी बोलेरो आणि बंद पतसंस्थेचा बोजा

जळगाव जिल्ह्यात कुणी जुनी गाडी बघायला निघालं असेल तर त्याने आधी आरसीवर फायनान्सर म्हणून कुणाचं नाव आहे ते वाचावं. नाव पतसंस्थेचं असेल तर ती संस्था आज चालू आहे की नाही, हे इंजिनचा आवाज ऐकायच्या आधी विचारावं. टायर, गिअर, खालचा गंज हे सगळं नंतर. मी हे रागातच लिहितोय, कारण त्या एका ओळीने माझी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, खाल्ली. बहिणीला माहेरी आणायला नवी, म्हणजे आमच्यासाठी नवी, गाडी न्यायची होती. ती शेवटी एसटीने आली आणि चार दिवस तेच ऐकवत राहिली.

गाडी 2012 ची बोलेरो. एमएच-19 पासिंग, एकच मालक. मालक आमच्या पाहुण्यातले, शेजारच्या तालुक्यात राहणारे. सगळा गाव त्यांना आबा म्हणतो, तर मीही आबाच म्हणतो. सौदा सव्वातीन लाखाला ठरला. आरसीवरचा बोजा, म्हणजे पतसंस्थेच्या कर्जाची नोंद, मी पहिल्याच भेटीत बोट ठेवून दाखवला. आबा हसले. "कर्ज तं फेडेल शे भाऊ, तू काय काळजी करू नको."

फेडलं होतं, यात खोटं काहीच नव्हतं. पण कर्ज फिटलं म्हणून आरसीवरचा बोजा आपोआप उतरत नाही, तो उतरवून घ्यावा लागतो, आणि आपल्याकडे निम्मे लोक तिथवर जातच नाहीत. हप्ते संपले, विषय संपला. मोटार वाहन कायद्याचं कलम 51 असं आहे की ज्याच्याकडे गाडी तारण आहे त्याच्या लेखी संमतीशिवाय आरटीओ ती दुसऱ्याच्या नावावर करत नाही. बोजा काढायला फॉर्म 35 लागतो, त्यावर मालकाची सही आणि कर्ज देणाऱ्याची सही-शिक्का. बँक असती तर मॅनेजरला भेटून काम झालं असतं. इथे संस्थेच्या शाखेच्या जागी मोबाइल रिपेअरिंगचं दुकान होतं.

म्हणून मी इसाराचे 25,000 दिले, गाडी आबांच्याच खळ्यात राहू दिली आणि पाचशेच्या स्टँपवर लिहून घेतलं की बोजा उतरेपर्यंत बाकी पैसे नाहीत आणि ताबाही नाही. घरात यावरून वाजलं. नात्यात कुणी असे कागद करतं का, म्हणे. मी म्हटलं, नात्यातच करावेत, परक्याशी निदान भांडता तरी येतं. त्या कागदाचा मला आजही अभिमान आहे.

आमच्याकडे रीत अशी की पैसे द्यायचे, टीटी फॉर्मवर, म्हणजे नाव बदलायच्या फॉर्मवर, कोऱ्या सह्या घ्यायच्या, गाडी घरी आणायची आणि नावाचं "बघू नंतर". यात घेणाऱ्यापेक्षा विकणारा जास्त मरतो. 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगून टाकलंय की आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव तोच मालक, अपघाताची भरपाई त्याच्याच गळ्यात, मग गाडी मधल्या काळात कितीही हात फिरलेली असो. हे मी आबांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा गंभीर झाले. त्यांची एक मोटारसायकल अशीच कोऱ्या सह्यांवर कुणाला तरी दिलेली आहे म्हणे.

आता पतसंस्थेचं. आमच्या जिल्ह्यात पतसंस्थांचं काय झालं ते जळगावकराला सांगायला नको, प्रत्येक घरात कुणाची तरी ठेव बुडालेली किंवा अडकलेली आहे. संस्था अवसायनात निघाली, म्हणजे गुंडाळायला काढली, की चेअरमन, संचालक, मॅनेजर यांच्या सहीला काही अर्थ उरत नाही. सहकार कायद्याच्या कलम 103 खाली निबंधक अवसायक नेमतात आणि मग सही-शिक्का त्यांचाच. हे अवसायक म्हणजे बहुतेक वेळा सहकार खात्यातलेच कुणीतरी. स्वतःचं रोजचं काम, वरून अशा कितीतरी बंद संस्थांचा भार, आणि निवडणुकीची ड्युटी आली की तीही.

तर मी अवसायकाच्या ऑफिसात गेलो. शिपाई म्हणाला, "साहेब नही शेतस भाऊ, सोमवारले या." सोमवारी साहेब जळगावला मीटिंगला. पुढच्या वेळी साहेब होते, पण दप्तराच्या कपाटाची किल्ली ज्या क्लार्ककडे तो रजेवर. मे महिना, पारा पंचेचाळीसला टेकलेला, बाहेरच्या बाकावर पत्र्याची सावली. तिथे बसणारी इतर माणसं बघितली तर माझीच लाज वाटली. एक म्हातारी आजी ठेवीची पावती प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आली होती, तिला फक्त यादीत आपलं नाव आहे का ते हवं होतं. मी गाडीसाठी चिडलेला.

शेवटी किल्ली आणि साहेब एका दिवशी एकत्र आले. क्लार्कने आबांचं कर्जखातं काढलं आणि रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. मुद्दल 61,400 बाकी. वरून इतक्या वर्षांचं व्याज. आकडा लाखाच्या बराच पुढे. आबा सोबत होते. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि बराच वेळ बोललेच नाहीत.

मग हळूहळू गोष्ट बाहेर आली. संस्था डळमळायला लागली तेव्हा आबांची त्याच शाखेत ठेव होती. शाखेतल्या माणसांनीच सुचवलं की ठेव कर्जात वळती करून टाका, बाहेर काही निघणार नाही. आबांनी पावतीच्या मागे सही केली, मूळ पावती शाखेत दिली, घरी आले. त्यांच्या लेखी कर्ज संपलं. क्लार्क म्हणाला, मूळ पावती आणा. आबा म्हणाले, ती तुमच्याकडेच जमा आहे. मग झेरॉक्स आणा. झेरॉक्स काढलीच नव्हती. मग आम्ही कसं मानायचं? पुढचा अर्धा तास हीच तीन वाक्यं रहाटगाडग्यासारखी फिरत होती.

मला तेव्हा वाटलं हा माणूस मुद्दाम अडवतोय, चहापाण्याची वाट बघतोय. खरं कारण वेगळं होतं आणि ते त्यानेच नंतर सांगितलं. गरजू ठेवीदारांच्या पावत्या कवडीमोलाने विकत घ्यायच्या आणि मोठ्या कर्जदाराच्या कर्जात पूर्ण किमतीला वळत्या करायच्या, हा 'मॅचिंग'चा धंदा आमच्या भागात इतका गाजला, त्यावर गुन्हे दाखल झाले, की आता ठेव-कर्ज वळतीचं नाव काढलं तरी सही करणाऱ्याचा हात थरथरतो. आबांची ठेव स्वतःची, कर्ज स्वतःचं. पण हे कागदावर दिसल्याशिवाय तो कशाला मान अडकवेल? राग गेला नाही माझा, पण त्याची दिशा बदलली.

इथे जे कामाला आलं ते सांगतो. तोंडी विचारलं की तोंडीच उत्तर मिळतं आणि ते कायम "सोमवारले या" असतं. मी लेखी अर्ज दिला. वाहन क्रमांक, कर्जखातं क्रमांक, ठेव कोणत्या वर्षी वळती झाली ते, आणि मागणी एकच, की त्या वर्षाच्या मार्च महिन्याची रोजकीर्द, म्हणजे रोजच्या नोंदींची वही, तपासून खात्याची बाकी कळवावी. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला. एक प्रत जिल्हा उपनिबंधकांना पोस्टाने रजिस्टर एडीने पाठवली. भांडण नाही, तक्रार नाही, नुसती प्रत. मार्च महिना मला कुणी सांगितला? त्या शाखेचा जुना कॅशियर. तो आता खताच्या दुकानात हिशोब लिहितो. आबांना बघताच म्हणाला, "आबा, तुमची ठेव मार्चएंडला वळती केलती ना, मीच लिहेल शे." अशी माणसं शोधा. बंद संस्थेचं खरं दप्तर त्यांच्या डोक्यात असतं.

अर्ज आवक झाल्यावर गोण्या उघडल्या गेल्या. गोण्याच म्हणतोय, दप्तर गोदामात गोण्यांत भरलेलं होतं. क्लार्क, मी आणि तो कॅशियर, तिघेही धुळीने शिंकत. रोजकीर्द सापडली, नोंद सापडली. ठेव खातं नावे, कर्ज खातं जमा, रक्कम तीच, पावती क्रमांकासकट. ठेवीच्या खतावणीत, म्हणजे खातेवहीत, ती उतरली होती, पावती 'बंद' असा शेरा होता. कर्जाच्या खतावणीत मात्र कुणी उतरवलीच नाही. मार्चएंडची घाई असेल, नंतर शाखाच बंद पडली. एका न उतरवलेल्या ओळीवर इतकी वर्षं व्याज चढत होतं!

तरी लगेच काही झालं नाही. अवसायक साहेबांनी लेखापरीक्षकांचा अभिप्राय मागवला, त्यात अजून दिवस गेले. पण साहेब माणूस सरळ निघाला. अभिप्राय आल्यावर बेबाकी दाखला, म्हणजे काही बाकी नाही असा कागद, दिला आणि फॉर्म 35 च्या दोन्ही प्रतींवर सही-शिक्का केला. त्याच वेळी मी त्यांच्या नेमणुकीच्या आदेशाची साक्षांकित प्रत मागून घेतली. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आरसीवर पतसंस्थेचं नाव आणि फॉर्मवर कुणा अवसायकाची सही, आरटीओच्या खिडकीवरचा माणूस विचारणारच की हे कोण? आणि विचारलंच. मी फाइलमधून आदेश काढून समोर ठेवला. मागच्या रांगेतल्या एजंटाने मान डोलावली, ती मी विसरणार नाही. हाच एजंट मला आधी म्हणाला होता की बंद पतसंस्थेचं काम होत नाही, गाडी दुसरी बघा.

बाकी आरटीओचं सांगण्यासारखं फार नाही. परिवहनच्या साइटवर बोजा उतरवणं आणि मालकी हस्तांतरण ही दोन्ही कामं एकाच अर्जात निवडता येतात. हस्तांतरणाला फॉर्म 29 आणि 30. फी मोटारीला 300 रुपये, दुचाकीला 150, कार्डाचे 200 वेगळे. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात 14 दिवसांत कळवायचं असतं, घेणाऱ्याने 30 दिवसांत. आम्ही सौदा पुरा करून ताबा बोजाचे कागद हातात आल्यावरच घेतला, त्यामुळे मुदतीची चिंता पडली नाही. ताब्याच्या कागदावर तारखेबरोबर वेळही लिहा. त्या दिवशी दुपारी सिग्नल तोडला तर तो कुणी तोडला, हे त्या वेळेवरून ठरतं.

हो, आरटीओच्या आधी दोन गोष्टी. गाडी 1 एप्रिल 2019 च्या आधीची असेल तर एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर पाटी, बसलेली हवी, नाहीतर ही कामं अडतात. चारचाकीला 745 रुपये आणि वर जीएसटी. पाटीसाठी आणि हस्तांतरणासाठी ओटीपी जातो तो आरसीला जोडलेल्या मोबाइलवर, आणि आबांचा तो नंबर कधीच बंद पडलेला. आधी नंबर बदलून घ्यावा लागला. जुनी ई-चलानंही बघून ठेवा. आबांच्या नावावर सीटबेल्टचं एक होतं. ते म्हणे मी कधी नाशिकला गेलोच नाही. जावयाने नेली होती गाडी.

विम्याचं तर मी विसरलोच होतो. हे सगळं चालू असताना आबांचा विमा संपला. चालू विम्याशिवाय हस्तांतरण होत नाही, आणि हप्ता कुणी भरायचा यावर पुन्हा नातं पणाला. 1500 सीसीच्या वरच्या खासगी मोटारीचा नुसता थर्ड पार्टी हप्ता 7,897 रुपये, कर वेगळा. शेवटी अर्धा-अर्धा केला. गाडी नावावर झाल्यावर 14 दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायची असते. कायद्याने थर्ड पार्टीचं संरक्षण गाडीबरोबर येतं, पण आपल्या स्वतःच्या गाडीचं नुकसान झालं तर जुन्या नावावरच्या पॉलिसीत कंपनी हात वर करू शकते. आणि नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. विकणारा "पन्नास टक्के बोनस आहे बघा" म्हणून भाव वाढवत असेल तर त्याला तो बोनस त्याच्या पुढच्या गाडीला लावायला सांगा.

किंमत ठरवताना अजून एक हिशोब करा, जो मी केला आणि आबांकडून दहा हजार कमी करून घेतले. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची. 2012 ची गाडी म्हणजे 2027 ला पुन्हा तपासणी, नूतनीकरणाची फी 5,000, आणि पर्यावरण कर वेगळा. हा खर्च घेणाऱ्याच्या डोक्यावर येतो, विकणारा तो कधी बोलून दाखवत नाही.

फास्टॅग विकणाऱ्याकडून ताबा देतानाच बंद करून घ्या, निव्वळ काच खरवडून भागत नाही. आबा "करतो करतो" म्हणत राहिले. मी भुसावळला निघालो आणि नशिराबादचा टोल ओलांडल्या ओलांडल्या त्यांचा फोन, "भाऊ, मन्हा खात्यातून पैसा कटनात!" त्या रात्री त्यांनी मुलाला बसवून टॅग बंद केला. टोलचे पैसे मी पाठवून दिले.