मग गाड्या काय डोक्यावर ठेवायच्या?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. सप्टेंबरच्या तिसऱ्या शुक्रवारी जळगावच्या बाजारात आम्ही काही जण एका मोटारीच्या जागेवर दिवसभराची बाग मांडतो. माझी नर्सरी आहे, त्यामुळे झाडांची सोय माझ्याकडे. लग्नात, साखरपुड्यात, कॉलेजच्या गॅदरिंगला, जिथं भेटेल तिथं लोक मला एकच विचारतात: "ताई, पार्किंगची आधीच बोंब, त्यात तुम्ही जागा अडवून बसता. मग आम्ही गाड्या काय डोक्यावर ठेवायच्या?"

प्रश्न रास्त आहे. आधी एवढं सांगते की ही कल्पना माझी नव्हे. २००५ साली सॅन फ्रान्सिस्कोत रीबार नावाच्या कलाकार-डिझायनर मंडळींनी रस्त्याकडेच्या पार्किंग मीटरमध्ये नाणी टाकली आणि त्या जागेत गाडी लावायच्या ऐवजी हिरवळीचा तुकडा, एक बाक आणि कुंडीतलं झाड मांडलं. मीटरची मुदत दोन तासांची. ती संपली तसं सगळं गुंडाळून घरी गेले. त्यांचा मुद्दा साधा होता: भाडं भरलंय, आता या जागेत मोटारच उभी केली पाहिजे असं कुठं लिहिलंय? पुढच्या वर्षापासून त्याचा 'पार्किंग डे' झाला, आणि २०११ साली ३५ देशांतल्या १६२ शहरांत मिळून अशा ९७५ बागा मांडल्या गेल्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या पालिकेनं तर २०१० पासून तसल्या जागांना रीतसर परवाने देऊन त्या कायमच्या करायला सुरुवात केली.

आपल्याकडे ही युक्ती चालत नाही, कारण आपल्या बाजारात मीटरच नाही. पैसेच भरायचे नाहीत तर भाडेकरू कोण आणि मालक कोण? सकाळी जो आधी गाडी आणून लावेल त्याची जागा. म्हणून आम्ही गणपती मंडळं करतात तेच करतो. मंडपासाठी करतात तसा अर्ज, वाहतूक पोलिसांची ना-हरकत, शेजारच्या दुकानदारांच्या सह्या. दहा दिवस रस्त्यात मंडप उभा राहतो तेव्हा गाड्या कुठे लावायच्या हे कुणी विचारत नाही. मुकाट्याने दोन गल्ल्या पलीकडे लावून येतात. म्हणजे सवय आपल्याला आहे, कारण पटलं पाहिजे एवढंच.

आता तुमच्या गाडीचं. चारचाकीची जागा साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर धरतात, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. एवढ्या जागेत आपल्या बाजारात नेमकी कुणाची गाडी उभी असते, हे कधी पाहिलंत? जागा निवडताना आम्ही ते बघतो. बहुतेक ठिकाणी ती गिऱ्हाइकाची नसतेच. ती त्याच ओळीतल्या दुकानदाराची असते. सकाळी दुकान उघडताना लावलेली, रात्री शटर ओढताना काढलेली. दिवसभर ती गाडी कुणाच्या कामाची नसते, स्वतः मालकाच्याही नाही. बाग आम्ही फक्त तिथंच मांडतो. दुचाकींच्या रांगेला हात लावत नाही, कारण तेवढ्या जागेत सहा दुचाकी मावतात आणि दुचाकीवाल्याचं म्हणणं मला खरंच पटतं. तो येतो, वीस मिनिटांत सामान घेतो, जातो. त्याची जागा घेणं अन्याय होईल.

आणि पार्किंग मुळात कमी आहे असंही मी मानत नाही. व्यापारी संकुलांचे नकाशे मंजूर होतात तेव्हा तळघरात पार्किंग दाखवलेलं असतं. तुमच्या ओळखीच्या एखाद्या संकुलाच्या तळघरात उतरून बघा. गाड्या दिसतात की कापडाच्या गाठी, ते मी सांगायला नको. तिथल्या गाड्या वर रस्त्यावर आल्या आणि रस्त्यावरची माणसं उन्हात गेली. हा हिशेब कुणी मांडत नाही, आणि साडेबारा चौरस मीटरच्या एका दिवसाच्या बागेवर मात्र सगळे तुटून पडतात.

मला खरं बोलायचंय ते त्या उन्हातल्या माणसांबद्दल. जळगावचा बाजार एकट्या जळगावकरांवर चालत नाही. लग्नाचा बस्ता, सोनं, भांडी यासाठी चोपडा, यावल, धरणगाव, एरंडोल, जामनेरहून लोक येतात. त्यातले कितीतरी जण एसटीनं येतात, स्टँडवरून चालत बाजारात शिरतात. सोबत एखादी म्हातारी, कडेवर पोर, हातात पिशव्या. त्यांना पार्किंग नको असतं. त्यांना घटकाभर टेकायला जागा हवी असते, सावली हवी असते, पाणी हवं असतं. शहरात बागा नाहीत असं नाही. गांधी उद्यान आहे, भाऊंचं उद्यान आहे, मेहरूणचा तलाव आहे. पण बस्ता बांधता बांधता मेहरूणला कोण जाणार? मग त्या बायका दुकानाच्या पायरीवर बसतात, आणि दुकानदार दर पाच मिनिटांनी "जरा वाट सोडा" म्हणून उठवतो. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असतो तेव्हाही हेच.

म्हणून अमेरिकेतल्यासारखी हिरवळ आम्ही अंथरत नाही. पहिली गरज सावलीची. शेडनेट माझ्याकडे असतेच, केळीची टिश्यू कल्चरची रोपं त्याखालीच वाढवतो. रस्ता खोदायचा नसतो, म्हणून तेलाच्या जुन्या डब्यांत सिमेंट ओतून बांबू उभे केलेत. चार डबे, चार बांबू, वर जाळी ताणायची. खाली आधी गाडीनं सांडलेल्या ऑइलचा काळा डाग असतो, त्यावर लाकडाचा भुसा टाकायचा, मग गोणपाट. कडेनं कंबरेएवढी केळी, कढीपत्ता, तुळस. दोन बाजा, एक बाक, माठ. रहदारीच्या बाजूला मात्र जड कुंड्या, लहान पोर धावत रस्त्यावर जाऊ नये म्हणून. यातलं सगळ्यात कटकटीचं काम कुठलं, तर सूर्य. भादव्याचं ऊन चटका देणारं. अकराला सावली बरोबर बाजेवर असते, दोन वाजता ती शेजारच्या दुकानाच्या पायरीवर गेलेली असते. मग सिमेंटचे डबे सरकवा, जाळी पुन्हा ताणा. कागदावर बाग काढणाऱ्याला हे कळत नाही.

एकदा धरणगावकडच्या एक आजी बराच वेळ नुसत्या उभ्या राहून बघत होत्या. शेवटी विचारलं, "आठे बसाना पैसा लागतस का व माय?" नाही म्हटल्यावर बाजेवर चक्क आडव्या झाल्या, पिशवी उशाला घेऊन. सून तिकडे साड्या बघत होती. तासाभरानं ती आली आणि आजींना उठवायला तिला जड गेलं.

दुकानदारांचं काय, असंही विचारता. एक साडीवाले शेठ दरवर्षी भांडतात. गिऱ्हाईक तुटेल म्हणतात. आणि दरवर्षी पंख्याला लाइट त्यांच्याच दुकानातून देतात, भांडत भांडतच. त्यांचं मत मी बदललेलं नाही आणि बदलेल असं वाटतही नाही. पुण्यात लक्ष्मी रोडवर २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन करतात, अख्खा पट्टा दिवसभर गाड्यांना बंद. तिथं महापालिका स्वतः उतरते. आमचं तेवढं बळ नाही. सह्या मिळतात त्याला एक बाजारू कारण आहे, ते मी लपवत नाही. २०२४ आणि २०२५, दोन्ही वर्षी तो शुक्रवार पितृपक्षात पडला. पितृपक्षात कोण सोनं घेतो, कोण बस्ता बांधतो? बाजार थंड, शेठ मोकळे, सही लगेच.

२०२६ ला मात्र पंचाईत आहे. तिसरा शुक्रवार येतो १८ सप्टेंबरला आणि गणपती बसतात १४ ला. म्हणजे ऐन गणपतीत. रस्त्यात मंडप, संध्याकाळी गर्दी, आणि पोलिसांना आमच्या अर्जाकडे बघायला वेळ नसणार. म्हणून शेजारच्या मंडळाच्या पोरांशी आत्ताच बोलून ठेवलंय. मंडपाची एक कड ते आम्हाला सोडणार, दिवसभर बाग आमची, आरतीच्या आधी बाजा उचलायच्या. मखरासाठी केळीची रोपं माझ्याकडून फुकट, असं ठरलंय. ठरलं नाही ते एवढंच, की माठ कोण भरणार. ते म्हणतात बाग तुमची, तुम्ही भरा. मी म्हणते पाणी तुमचे ढोलवालेच सगळ्यात जास्त पिणार.