पेटीचा सूर : गाडीतील वूफरसाठी पोर्टेड बॉक्स बांधताना

माझ्या स्विफ्टच्या डिक्कीत तीन वर्षे एक तयार बॉक्स होता. बारा इंची वूफर (खर्जाचा स्पीकर), त्याच्या जोडीचा मोनो ॲम्प्लिफायर आणि दुकानातूनच बसवून मिळालेली पोर्टेड पेटी, म्हणजे हवेसाठी पोर्ट (भोक किंवा नळी) ठेवलेली पेटी, असा तो संच होता. धमक भरपूर होती. पण कोणतेही गाणे लावले तरी खालच्या पट्टीत एकच ‘घुम्म’ ऐकू येत असे. अहिराणी लग्नगीतात संबळ वाजत असेल, तर त्याच्या खर्जाच्या बाजूची एक थाप विरण्याआधीच दुसरी तिच्यात मिसळून जाई आणि ठेक्याच्या जागी नुसती घरघर उरे. मी आधी वूफरला दोष दिला, नंतर ॲम्प्लिफायरला. पेटीवर संशय घेण्याचे मला सुचले नाही, कारण आपल्याकडे पेटी म्हणजे वूफर ठेवण्याचे खोके, एवढाच समज असतो.

शेवटी एका रविवारी वूफर काढून पेटीचे माप घेतले. आतली मोकळी जागा सुमारे ३८ लिटर भरली आणि पोर्ट म्हणून ४ इंची पाइपचा १० सेंटीमीटरचा तुकडा बसवलेला आढळला. या मापांवरून हिशेब केला, तेव्हा पेटीचा स्वतःचा सूर जवळजवळ ६० हर्ट्झवर निघाला. मला ज्या खर्जाची ओढ होती, तो ३५ ते ५० हर्ट्झच्या पट्ट्यात राहतो. म्हणजे पेटी नेमकी वरच्या सुराला घुमत होती आणि त्याखालचे सगळे गिळून टाकत होती.

हा सूर कसा ठरतो, ते समजून घेणे अवघड नाही. सोड्याच्या रिकाम्या बाटलीच्या तोंडावरून फुंकर मारली की ती एका ठरावीक सुरात वाजते. बाटलीच्या पोटातील हवा स्प्रिंगसारखी दबते आणि सैल होते, तर गळ्यातील हवा वजनासारखी पुढेमागे हलते. या दोघींचा मिळून एक सूर ठरतो. एकोणिसाव्या शतकात हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने याचा पद्धतशीर अभ्यास केला, म्हणून अशा पोकळीला हेल्महोल्ट्झ रेझोनेटर म्हणतात. पोर्टेड बॉक्स म्हणजे अशी एक मोठी बाटलीच आहे. पोट मोठे केले किंवा गळा लांबवला की सूर खाली उतरतो. गळा रुंद केला की वर चढतो. वूफरसोबतच्या कागदावर एफएस (वूफरचा स्वतःचा सूर), क्यूटीएस (तो सूर किती लवकर विरतो, याचे माप) आणि व्हीएएस (वूफरच्या लवचिकतेइतकी स्प्रिंग देणारी हवेची जागा) असे जे आकडे छापलेले असतात, ते नेव्हिल थील यांच्या १९६१ मधील आणि रिचर्ड स्मॉल यांच्या १९७० च्या दशकातील कामातून आले आहेत, आणि कोणत्या वूफरला केवढी पेटी मानवेल, हे त्या आकड्यांवरूनच ठरते. तो कागद फेकून देऊ नये.

सीलबंद, म्हणजे पोर्ट नसलेली, पेटी बांधली असती, तर काम निम्मे झाले असते. तिच्यात मापाची थोडी चूक खपून जाते, जागा कमी लागते आणि खालचे सूर हळूहळू उतरत जातात. पोर्टेड पेटीत वूफरच्या पाठीमागून निघणारा आवाजही पोर्टमधून कामी येतो, त्यामुळे त्याच ॲम्प्लिफायरवर खर्ज अधिक भरदार मिळतो. मात्र तिच्या सुराच्या खाली आवाज फार वेगाने पडतो आणि वूफरच्या पडद्याला हवेचा आधार उरत नाही. ज्यांना मापे काटेकोर पाळण्याची सवड नाही, त्यांनी सीलबंद पेटीच करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी ५५ लिटर निव्वळ जागा आणि ३४ हर्ट्झ सूर धरला. पोर्ट पाइपचा न करता पेटीच्या उंचीइतका उभा चिरा ठेवला : ३४ सेंटीमीटर उंच, ५ सेंटीमीटर रुंद, म्हणजे १७० चौरस सेंटीमीटर. पोर्ट अरुंद असला, तर मोठ्या आवाजात त्यातून हवा फसफसते आणि ती फसफस गाण्यावर चढते. एवढ्या रुंद पोर्टला मात्र लांबीही तशीच लागते. हिशेबाने ती ७० सेंटीमीटर आली, म्हणून पोर्ट बाजूच्या भिंतीने आत नेऊन मागच्या भिंतीलगत काटकोनात वळवला. पोर्टच्या पोकळीचे १२ लिटर, त्याच्या लाकडाचे ४, वूफरच्या मागच्या भागाचे ३ आणि आतील आधारपट्ट्यांचे १ लिटर मिळवले, तेव्हा आतून ७५ लिटरची पेटी हवी, असे ठरले. आतील माप ७० × ३४ × ३१.५ सेंटीमीटर. ही मिळवणी बहुतेकजण विसरतात आणि ५५ लिटरची समजून प्रत्यक्षात ३५ लिटरची पेटी बांधून बसतात.

लाकूड १८ मिलिमीटरचे एमडीएफ घेतले. आमच्या गल्लीतील सुतारकाका आयुष्यभर दारे आणि कपाटे करत आले आहेत. त्यांची मोजणी इंच आणि सुतात चालते, त्यामुळे सगळी मापे मी आधी त्यांच्या भाषेत लिहून नेली. प्रत्येक सांध्याला फेविकॉल, चार-चार इंचांवर स्क्रू आणि आतून सिलिकॉन. सांध्यातून हवा निसटली, तर पोर्टची सगळी मेहनत वाया जाते. पोर्टच्या दोन्ही तोंडांच्या कडा त्यांनी राउटरने गोल केल्या आणि त्या कडेवरून अंगठा फिरवत मला विचारले, “हाई पेटी शे का ढोल शे, भाऊ?” मला तो प्रश्न अगदी योग्य वाटला. सातपुड्यात होळीला जे मोठमोठे ढोल घुमतात, त्यांची थाप कानाआधी छातीला कळते. मला गाडीत तीच जाणीव हवी होती.

पेटी तयार झाल्यावर सूर तपासला. त्यासाठी पेटी पाठीवर आडवी ठेवली, वूफरचे तोंड वर केले, पडद्याच्या मधल्या टोपीवर ज्वारीचे पाच दाणे ठेवले आणि हलक्या आवाजात एकेका हर्ट्झच्या फरकाने शुद्ध सूर वाजवत खाली आलो. सुराच्या नेमक्या ठिकाणी पोर्टमधील हवा सर्वाधिक हलते आणि पडदा जवळजवळ थांबतो, हे पोर्टेड पेटीचे वैशिष्ट्य आहे. ४५ ला दाणे टणाटण उडत होते, ४० ला त्यांची उडी लहान झाली, आणि ३६ व ३५ च्या दरम्यान ते नुसते थरथरत जागेवर बसून राहिले, त्याच वेळी पोर्टच्या तोंडाशी धरलेल्या हाताला वारा लागत होता. ३० ला दाणे पुन्हा उडून खाली पडले.

हिशेब ३४ चा आणि उत्तर साडेपस्तीसचे, म्हणून मी दोन दिवस मापे तपासत राहिलो. लाकडात चूक सापडली नाही. चूक सापडली ती माझ्या गृहीतात. मी ध्वनीचा वेग सेकंदाला ३४४ मीटर धरला होता, आणि तो २० अंश सेल्सिअसच्या आसपासचा आहे. चाचणी मात्र मे महिन्यातील दुपारी, जळगावात, पत्र्याच्या शेडखाली झाली होती. ४५ अंशांना ध्वनी सेकंदाला सुमारे ३५७ मीटर वेगाने जातो आणि पेटीचा सूर त्याच प्रमाणात वर चढतो. ३४ चा हिशेब बरोबर ३५.३ च्या जवळ येतो. डिसेंबरमध्ये पहाटे १२ अंश असताना मी तीच चाचणी पुन्हा केली, तेव्हा दाणे ३४ आणि ३३ च्या दरम्यान स्थिरावले. खान्देशात उन्हाळा आणि हिवाळा यांत पेटीचा सूर दोन हर्ट्झने सरकतो, हे मी स्वतः पाहिले आहे.

आता ॲम्प्लिफायर. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले ‘मॅक्स’ वॅट पाहू नयेत, आरएमएस, म्हणजे तो सतत देऊ शकेल ते वॅट, पाहावेत. माझ्या वूफरला पडदा हलवणाऱ्या, ४ ओहमच्या दोन कॉइल आहेत. त्या समांतर जोडल्या की २ ओहम होतात, आणि त्यावर ॲम्प्लिफायर ४०० वॅट आरएमएस देतो. त्यासाठी बॅटरीतून साधारण ३६ अँपिअर ओढले जातात, म्हणून ४ गेजची तार घेतली. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार तांब्याच्या नावाने सर्रास विकली जाते. तारेचा एक धागा पात्याने खरवडावा. आतून पांढरट निघाला, तर ती तार घेऊ नये. ६० अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून ४५ सेंटीमीटरच्या आत बसवावाच, कारण तो तारेच्या रक्षणासाठी असतो. पत्र्याला घासून तार उघडी पडली आणि फ्यूज दूर डिक्कीत असला, तर मधली सगळी तार पेटते.

माझी अर्थिंगची जोडणी सुरुवातीला चुकली होती. मागच्या सीटच्या बोल्टखाली रंगावरच लग (तारेच्या टोकाची धातूची कडी) कसला होता. मोठी थाप आली की ॲम्प्लिफायरच्या टर्मिनलवर १३.९ व्होल्टचे ११.८ होत आणि हेडलाइट मिचकावत. रंग चकचकीत पत्र्यापर्यंत खरवडून, दातेरी वॉशर घालून तीच जोडणी पुन्हा केली, तेव्हा व्होल्टेज १३.२ च्या खाली गेले नाही. आवाजाची तार मुख्य तारेच्या विरुद्ध बाजूने नेली, म्हणजे इंजिनाची शिट्टी गाण्यात शिरत नाही. ॲम्प्लिफायर पेटीवर ठोकला नाही. तिथे हादऱ्याने सांधे सैल होतात आणि आमच्याकडच्या उन्हात त्याला मोकळी हवा लागते.

गेन म्हणजे आवाजाचे बटण नव्हे, ती स्टिरिओच्या सिग्नलशी ॲम्प्लिफायर जुळवण्याची कळ आहे, आणि ही एक गोष्ट समजली असती तर कितीतरी वूफर जळाले नसते. वूफरची तार काढून ठेवावी, बेस बूस्ट शून्यावर आणावा, स्टिरिओ तीन चतुर्थांश आवाजावर ठेवून ५० हर्ट्झचा सूर वाजवावा आणि ॲम्प्लिफायरच्या वूफरकडे जाणाऱ्या टर्मिनलवर मल्टिमीटर एसीवर लावावा. वॅट आणि ओहम यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ, म्हणजे ४०० गुणिले २ चे २८.३ व्होल्ट, एवढे येताच गेन तिथेच सोडावा. त्यापुढे आवाज वाढत नाही, तो फाटतो, आणि फाटलेला आवाज कॉइल तापवतो. वरचे सूर अडवणारा लो-पास फिल्टर ८० हर्ट्झवर ठेवला. अगदी खालचे सूर अडवणारा सबसॉनिक फिल्टर ३० वर ठेवला, कारण त्याखाली पेटी पडद्याला सांभाळू शकत नाही आणि ते दाणे ३० ला का उडाले, याचे कारणही तेच आहे.

खर्ज भिंतीतून सहज आरपार जातो, म्हणून वस्तीत शिरताना मी वूफरची पातळी उतरवतो. रात्री दहा ते सकाळी सहा निवासी भागात मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि दहानंतर मी तो बंदच ठेवतो.

संबळाची खर्जाची थाप आता सुटी ऐकू येते, दोन थापांमधली शांतताही. नव्या खर्जाने नंबर प्लेट खडखडू लागली होती, तिच्यामागे फोमची पट्टी चिकटवली. डिक्कीच्या झाकणातून ४० हर्ट्झच्या जवळ अजून एक बारीक खुळखुळ येते. पुढच्या रविवारी आतले आवरण उतरवून तिचे मूळ शोधायचे आहे.