आठवड्यातला तो एक तास

"ताई, माझं सायकॉलॉजीत एमए झालंय. तिकडं इंग्लंडला येऊन क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायला काय करावं लागतं?" असे निरोप मला सांगलीच्या विश्रामबागेतून येतात, मिरजेतून येतात, मागच्या महिन्यात एक पलूसहून आला. मी फोनवर दोन ओळींत उत्तर देते आणि मग दिवसभर रुखरुख लागते, कारण खरं उत्तर दोन ओळींत मावत नाही. म्हणून आज निवांत बसून लिहितेय.

व्यवहाराचं आधी सांगते. इंग्लंडमध्ये 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' हे नाव कायद्यानं राखलेलं आहे. जुलै २००९ पासून एचसीपीसी या नियामक संस्थेकडे नोंदणी असल्याशिवाय ते कुणाला लावता येत नाही. नोंदणीसाठी ३ वर्षांची डॉक्टरेट लागते. ही डॉक्टरेट म्हणजे ग्रंथालयात बसून केलेली पीएच.डी. नव्हे. आठवड्यातले निम्म्याहून जास्त दिवस पेशंटांमध्ये जातात, उरलेले वर्गात आणि प्रबंधात. शिकणारी मुलं एनएचएसची, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेची, पगारी नोकर असतात. मला बँड ६ चा (एनएचएसची एक पगारश्रेणी) पगार होता आणि फी सरकार भरत होतं. त्यामुळेच जागा मोजक्या. माझ्या वेळी साधारण ६ अर्जांमागे एकाला जागा मिळायची, आणि या जागा बहुतेक करून इथं कायम राहण्याचा हक्क असलेल्यांसाठी असतात. एमए झालं, स्टुडंट व्हिसा काढला आणि थेट डॉक्टरेटला बसलं, असं सहसा होत नाही. तिकडे भारतात पुनर्वास परिषदेची (आरसीआय) मान्यता असलेलं २ वर्षांचं एम.फिल. केलेल्यांना एचसीपीसीकडे थेट अर्ज करता येतो. ते लोक तुमचं प्रशिक्षण इथल्याशी ताडून बघतात आणि मग ठरवतात.

आणि एक, जे अजूनही आमच्या घरात मला समजावून सांगावं लागतं: आम्ही गोळ्या देत नाही. ते काम सायकियाट्रिस्टचं.

मी लग्न होऊन २००७ मध्ये यॉर्कशायरमध्ये आले. शिवाजी विद्यापीठाचं एमए हातात होतं, पण इथल्या मानसशास्त्र संस्थेच्या नियमात ते पूर्ण बसत नव्हतं, म्हणून आधी एक वर्षाचा कन्व्हर्जन कोर्स केला. मग कामाचा अनुभव हवा. पहिली नोकरी मिळाली ती स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या वॉर्डात, काळजीवाहकाची. आंघोळ घालणं, कपडे बदलणं, घास भरवणं. सांगलीत ही बातमी पोचली तेव्हा आमच्या एका नातेवाईकांनी आईला विचारलं, "एवढी शिकलेली पोर, तिकडं जाऊन म्हाताऱ्यांना न्हाऊ घालतीया व्हय?" आई त्या दिवशी फोनवर फार बोलली नाही. मला ते लागलं होतं.

पण माझं खरं शिक्षण त्या वॉर्डातच सुरू झालं. तिथं एक आजोबा होते, लोकरीच्या गिरणीत आयुष्य गेलेले. रोज संध्याकाळी एका ठराविक वेळेला ते दाराशी जाऊन उभे राहायचे आणि दार उघडत नाही म्हणून ओरडायचे. आम्ही त्यांना धरून परत खुर्चीत बसवायचो, मग ते हात उगारायचे. नोंदवहीत रोज तीच ओळ पडायची: संध्याकाळी आक्रमक. एक दिवस आमच्यातल्या एका जुन्याजाणत्या बाईंनी त्यांच्या डोक्यावर टोपी ठेवली, अंगात कोट चढवला आणि "चला, पाळी सुटली" म्हणत त्यांच्या हाताला धरून लांबलचक व्हरांड्यातून दोन फेऱ्या मारल्या. आजोबा शांतपणे परत आले आणि चहा प्यायले. त्या बाईंना कुठलीही पदवी नव्हती. पुढं डॉक्टरेटमध्ये 'फॉर्म्युलेशन' नावाचा विषय आला. या माणसाला, हाच त्रास, आत्ताच का होतोय, याची गोष्ट पुराव्यानिशी मांडायची. तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं ती टोपी होती.

डॉक्टरेटला मला तिसऱ्या अर्जात, २०१५ मध्ये जागा मिळाली. साधारण सहा-सहा महिन्यांच्या नेमणुका: आधी प्रौढ, मग लहान मुलं, मग बौद्धिक अक्षमता असलेली माणसं, मग वृद्ध. शेवटच्या वर्षी आपल्या आवडीचं क्षेत्र. शेवटी प्रबंध आणि त्याची तोंडी परीक्षा. हे सगळं माहितीपत्रकात वाचायला मिळतं. मला लिहायचंय ते त्यातल्या एका ओळीबद्दल, जिच्याकडे अर्ज करताना मी नीट पाहिलंही नव्हतं: प्रत्येक शिकाऊ व्यक्तीला दर आठवड्याला किमान १ तास सुपरव्हिजन.

सुपरव्हिजन म्हटल्यावर मला वाटलं, देखरेख. चुका काढणार, वहीत लाल शेरे येणार. मी पहिल्या दिवशी गेले तीच बचावाच्या तयारीत. पेशंटच्या परवानगीनं बैठकीचं रेकॉर्डिंग करायचं आणि ते सुपरव्हायझरबरोबर ऐकायचं, अशी पद्धत. आपलाच आवाज ऐकताना अंगावर काटा येतो. पेशंट बाई काही सांगता सांगता थांबली आहे आणि त्या शांततेत मी घाईनं पुढचा प्रश्न टाकला आहे, हे टेपवर लख्ख ऐकू येतं. माझ्या सुपरव्हायझर बाई तिथं टेप थांबवायच्या आणि इतकंच विचारायच्या, "या क्षणी तुला काय होत होतं?"

पेशंटला काय होत होतं, असं नाही. मला.

भाषेचं उदाहरण सांगते. उर्दू बोलणाऱ्या, साठीच्या एक बाई आल्या होत्या. इथं नैराश्याची तीव्रता बघायला पीएचक्यू-९ नावाची ९ प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतात, ० ते २७ गुण. उदास वाटतं का, या प्रश्नाला त्यांनी शून्य दिलं. मग दोनदा म्हणाल्या, "दिल डूबता है." दुभाषीनं त्याचं इंग्रजी 'उदास' असं केलं आणि मीही तेच लिहून घेतलं. मला हिंदी येत असूनही! कागदावरच्या शून्याशी ते जुळत नाही, हेही माझ्या ध्यानात आलं नाही. सुपरव्हिजनमध्ये माझ्या सुपरव्हायझर बाईंनी विचारलं, "तुझ्या आजीनं हे कसं सांगितलं असतं?" मला बोलताच येईना. आमची आजी कधीच 'मला वाईट वाटतंय' म्हणाली नव्हती. ती म्हणायची, जीव खालीवर होतोय. काळीज हलल्यागत होतंय. हातापायातलं बळ गेलंय. आणि आम्ही तिला बीपीची गोळी द्यायचो. मी डॉक्टरेटच्या खोलीत आजीची भाषा दाराबाहेर काढून ठेवून बसत होते. पुढच्या बैठकीत मी त्या पेशंट बाईंना विचारलं, डूबता है म्हणजे कुठं, कधी, तेव्हा घरात कोण असतं? तिथून त्या बोलत्या झाल्या.

आणि याच तासात, दुसऱ्या वर्षी कधीतरी, पूर वर आला.

२००५ च्या पावसाळ्यात कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा मी एमएच्या पहिल्या वर्षात होते. आम्ही काही मुलंमुली एका शाळेतल्या निवारा केंद्रात मदतीला गेलो. कुणीतरी सांगितलं, तुम्ही सायकॉलॉजीवाले, तुम्ही लोकांना बोलतं करा, मन मोकळं झालं पाहिजे. सांगलवाडीकडच्या एक मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर बसले आणि विचारत राहिले. पाणी कधी आलं, मग काय झालं, तेव्हा काय वाटलं? त्यांची म्हैस गोठ्यात बांधलेली होती. पाणी रात्रीत वाढलं. दावं सोडायचं राहून गेलं. मी त्यांना ते तीनदा सांगायला लावलं, कारण मला वाटत होतं की रडू येणं म्हणजेच बरं होणं. त्या रडल्या, फार रडल्या. दुसऱ्या दिवशी मला बघून त्यांनी पदर तोंडावर ओढला आणि भिंतीकडं वळून बसल्या.

हे मी बारा वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार कुणाला? आमच्यावर कुणी देखरेख करत नव्हतं, म्हणजे आमचं कुणी ऐकतही नव्हतं. संध्याकाळी घरी येऊन जेवायचं, सकाळी परत जायचं. सुपरव्हायझर बाईंनी सगळं ऐकून घेतलं. 'तुझी चूक नव्हती' असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि त्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे. त्यांनी माझ्यापुढं एक दस्तऐवज ठेवला. आघातानंतरच्या ताणाबद्दल इथल्या नाइस या संस्थेनं काढलेली मार्गदर्शक तत्त्वं, मार्च २००५ ची. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की आघातानंतर लगेच, एका बैठकीत, लोकांना सगळं सविस्तर बोलायला लावण्याची पद्धत सरसकट वापरू नये. आमच्याकडे पाणी यायच्या चार महिने आधीचा कागद! तो सांगलीतल्या शाळेपर्यंत पोचायला वाट नव्हती. मग बाई म्हणाल्या, "आता तू पोच." इतकंच. तास संपला होता.

मी २०१८ मध्ये पात्र झाले, बँड ७ ची नोकरी लागली. पहिलं वर्ष अवघड जातं असं सगळे म्हणतात, आणि ते खरं आहे. काल शिकाऊ होतो, आज कागदावर शेवटची सही आपली. सुपरव्हिजन मात्र सुटत नाही. वीस वर्षं काम केलेल्यांनाही ते असतं, आणि यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली पुन्हा बुडाली. आयर्विन पुलाशी ४५ फूट म्हणजे धोक्याची पातळी. या वेळी पाणी ५७ फुटांवर गेलं, २००५ च्याही वर. मी फोन हातात घेऊन स्वयंपाकघरात उभी. आमचं घर उंचावर, आईबाबा सुखरूप, पण मारुती चौकाचे फोटो बघवत नव्हते. माझी चुलत बहीण, वय २१, एका निवारा केंद्रात मदतीला गेली होती. तिनं रात्री फोन केला. "ताई, तू यातली आहेस. लोकांना काय विचारू?"

मी म्हटलं, काही विचारू नकोस गं. पाणी मिळालं का बघ. कुणाच्या बीपीच्या, साखरेच्या गोळ्या घरात राहिल्यात ते लिहून घे आणि डॉक्टरांकडं दे. कुणाचं माणूस वेगळ्या केंद्रात असेल तर फोन लावून दे. शेजारचे शेजारी एकत्र बसू देत. कुणी आपणहून बोललं तर बसून ऐक, उकरून काढू नकोस. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या पुस्तिकेत हेच तीन शब्दांत आहे: बघा, ऐका, जोडून द्या. आठवडे उलटूनही ज्यांना झोप लागत नाही, त्यांना मग उपचारांकडे न्यायचं. (तेव्हा नव्हती, पण आता टेलिमानसची १४४१६ ही मानसिक आरोग्याची मोफत फोनसेवा आहे. हा नंबर घरात लिहून ठेवा.)

आणि मग म्हटलं, रोज रात्री साडेदहाला मला फोन करायचा. तुझ्यासाठी.

"मला कशाला? मी बरी आहे की."

तरी तिनं केला. तिकडं साडेदहा, इकडं संध्याकाळचे सहा. पहिले तीन दिवस तिनं चटया किती आल्या, चपात्या कुठून आल्या, तेच सांगितलं. मी ऐकत राहिले. चौथ्या रात्री ती बराच वेळ काहीच बोलली नाही. मीही बोलले नाही, टेपवरची ती घाई मला आठवत होती. पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "ताई, आज एक आजी आल्यात. त्यांच्या हातात नुसतं दावं आहे. सोडतच नाहीत त्या."

"हं," मी म्हटलं. "आणि तुला काय झालं गं, ते बघून?"