तुम्ही विचारलंत म्हणून: कॉलेजात असताना कुत्रं पाळू का?

महिन्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच. "ताई, फ्लॅटवर राहून तू प्राण्यांचं कसं जमवतेस? मलाही एक पिल्लू घ्यायचंय." विचारणारे बहुतेक दुसऱ्या वर्षाचे असतात. पहिल्या वर्षी घराची आठवण येते, पिल्लू आठवायला एम-थ्रीचा, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या गणिताचा, पहिला पेपर व्हावा लागतो.

माझं उत्तर ठरलेलं आहे: घेऊ नकोस. मग समोरचा माझ्या फोनकडे बघतो. वॉलपेपरवर जीभ बाहेर काढून ब्रूनो बसलेला असतो, आणि माझं उत्तर खोटं वाटायला लागतं. म्हणून ब्रूनोचंच सांगते.

मी पहिल्या वर्षाला होते तेव्हा वरच्या मजल्यावर शेवटच्या वर्षाची चार मुलं राहायची. कोथरूडमधली जुनी सोसायटी, लिफ्ट नाही. दिवाळीनंतर त्यांनी कॉन्ट्री काढून लॅब्रॅडॉरचं पिल्लू आणलं. महिनाभर नुसता सोहळा. जिन्यात जाता-येता प्रत्येक जण त्याला बिस्किट भरवायचा, मीही. पिल्लाच्या लशी सहा-आठ आठवड्यांचं झालं की सुरू होतात आणि पुढचे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने असतात. पहिला झाला. दुसऱ्याच्या वेळी सबमिशन आलं, आज-उद्या करत राहिला. मग पार्वो, लस न झालेल्या पिल्लांचा जीवघेणा आजार. उलट्या, रक्ताचे जुलाब, पाच दिवस सलाईन. वाचला, पण बिल बघून चौघांची तोंडं उतरली. एकाने घरून 'पुस्तकांसाठी' पैसे मागवले.

जूनमध्ये फ्लॅट सोडायची वेळ आली. एकाला बंगळुरूला नोकरी लागली, एकाच्या घरात कुत्रं चालत नव्हतं, एकाची आजी आजारी होती, चौथा नुसताच गप्प. ती मुलं वाईट होती असं मला आजही वाटत नाही. त्यांनी हिशोबच केला नव्हता. लॅब्रॅडॉर दहा-बारा वर्षं जगतो आणि इंजिनिअरिंग चार वर्षांत संपतं, तेही एकही विषय राहिला नाही तर. ब्रूनो पार्किंगमध्ये वॉचमनकाकांकडे राहिला. दोन महिने त्याच्या खाण्याचे पैसे आले, मग बंद झाले.

तेव्हापासून संध्याकाळी त्याला मी फिरवते. माझं 'जमवणं' ते एवढंच. कुत्रा माझा नाही. माझ्याकडे घर नाही, पैसे नाहीत, पण लेक्चर संपल्यावरचा एक तास आहे. कॉलेजच्या वयात प्राण्याला देण्यासारखं खरं तर तेवढंच असतं.

हे मला आईने आधीच सांगितलं होतं. आमचं गाव कराडजवळ, घरी दोन म्हशी. मी हौसेने फोन केला की इथे कुत्रं पाळावं म्हणतेय, तर ती म्हणाली, "आगं, जनावर म्हंजी येळ. माझी धारंची येळ चुकली तर म्हस पान्हा चोरती, आन् तू तर सुट्टी लागली की इकडं येणार." पुढे बेंदराला कधी येतेस, हे विचारून तिने विषय संपवला. ब्रूनोचंही तसंच आहे. सहा वाजले की तो गेटकडे तोंड करून बसतो. परीक्षा असो, पाऊस असो, मला ताप असो.

सुरुवातीला चुका मीही केल्या. मेसच्या डब्यातली भाजी त्याला घालायचे. आपल्या भाजीत कांदा-लसूण असतोच आणि कुत्र्याला तो बाधतो. द्राक्षं, मनुका, चॉकलेट तर मुळीच नाही. आता बिनमसाल्याचा भात आणि उकडलेलं अंडं, बाकी काका घालतील ते. मांजरीचा प्रसंग तर अजून अंगावर काटा आणतो. आमच्या बाल्कनीत कूलरच्या खोक्यात मनी व्यायली होती. एक पिल्लू मलूल झालं आणि रूममेट क्रोसिनचा तुकडा पाण्यात विरघळवत होती. क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल, आणि मांजराला ते विष. मी वाटी हातातून हिसकावली, पिल्लू पिशवीत घातलं आणि रिक्षाने औंधचा सरकारी जनावरांचा दवाखाना गाठला.

त्या झटापटीत मनीने मला ओरबाडलं. रूममेट म्हणाली, हळद लाव. मी पंधरा मिनिटं नळाखाली साबणाने हात धुतला आणि त्याच दिवशी रेबीजची लस घेतली. पोटातली चौदा इंजेक्शनं ही आजोबांच्या काळातली गोष्ट. मला दंडावर टोचली: पहिल्या दिवशी, मग तीन, सात आणि अठ्ठावीस दिवसांनी. लाजेने किंवा कंटाळ्याने हे टाळू नका, कारण रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर सहसा कुणी वाचत नाही. गल्लीतल्या कुत्र्याच्या कानाला खाच असेल तर त्याची नसबंदी झालेली असते, त्या वेळी रेबीजची लसही दिलेली असते. पण खाच बघून लगेच हात लावायला जाऊ नका. दरवर्षीची लस कुणी दिली की नाही, हे कानावर लिहिलेलं नसतं.

ब्रूनोची लस मात्र चुकत नाही. काका पैसे काढून ठेवतात, मी सोबत जाते. एका शंभर पानी वहीत तारखा आहेत: रेबीजची, जंतांच्या गोळीची, गोचीड तापात त्याने आठ दिवस काही खाल्लं नव्हतं त्याची. पहिल्या दोन पानांवर त्या चार मुलांचं अक्षर आहे.

यंदा मी शेवटच्या वर्षाला आहे. जूनमध्ये मीही जाणार, त्या चौघांसारखीच. तळमजल्यावरची एक मुलगी दोन आठवडे आमच्याबरोबर फिरायला येतेय. दुसऱ्या वर्षाला आहे, तिलाही पिल्लूच हवं होतं. परवा पट्टा पहिल्यांदा तिच्या हातात दिला. ब्रूनो चार पावलं गेला, थांबला, मागे वळून माझ्याकडे बघत बसला. म्हणून सध्या पट्टा तिच्याकडे आणि मी शेजारून चालते. पुढची लस ऑगस्टमध्ये आहे. वहीत ती तारीख तिच्याकडून लिहून घेतली.